कचऱ्याचा कंत्राटदार पारखून घेताना

मैत्रिणींनो, आपल्यापैकी कितीतरी जणी आता घराबरोबर एखादा धंदाही सांभाळतात. कुणाची खानावळ आहे, कुणाचं पाळणाघर, कुणी फराळाचे पदार्थ वर्षभर करून विकते. कुणाच्या यजमानांचा दवाखाना असतो आणि तिथली नोकरमाणसं, हिशेब, पाण्याची टाकी हे सगळं मात्र तिच्या गळ्यात असतं. या धंद्यासाठी लागणारी प्रत्येक वस्तू आपण केवढी पारखून घेतो! तूरडाळीसाठी चार दुकानं हिंडतो, दूधवाल्याशी फॅटवरून वाद घालतो, स्वयंपाकाच्या बाईंना आधी दोन दिवस पोळ्या लाटायला लावून मगच कामावर ठेवतो. पण नकोसं झालेलं बाहेर नेणारा माणूस? तो मात्र "शेजारच्यांकडे येतो ना, त्यालाच सांगा" एवढ्यावर ठरतो. त्याचं आडनावही पुष्कळदा आपल्याला ठाऊक नसतं.

माझ्या थोरल्या जाऊबाईंचं तालुक्याच्या गावी मंगल कार्यालय आहे. त्यांच्याकडे एक गृहस्थ सात-आठ वर्षं कचरा न्यायचे. दर कमी, तक्रार नाही, सकाळी अंगण लख्ख. मग एका पावसाळ्यात गावाबाहेरच्या ओढ्याला पोती अडकून पाणी तुंबलं. नगरपरिषदेच्या माणसांनी पोती फोडली तर आत पत्रावळी, खरकटं, फुलांच्या माळा, आणि जाऊबाईंच्या कार्यालयाचं नाव ठळक छापलेल्या लग्नपत्रिका! नोटीस आली ती जाऊबाईंना. कंत्राटदारांचा फोन त्या दिवसापासून लागेना. लेखी करार नाही, पावती नाही, गाडीचा नंबरही कुणी टिपून ठेवलेला नाही. तेव्हापासून नवा माणूस शोधण्याचं काम आम्ही दोघींनी मिळून केलं. माझी शाळा सकाळची, दुपार मोकळी असते. जाऊबाईंना गाव ओळखतं. या खटपटीत जे कळलं ते तुमच्याही उपयोगी पडेल असं वाटतं.

आधी आपलं आपण मोजावं

कंत्राटदाराला बोलावण्याआधी महिनाभर एक वही घाला. रोज काय निघतं, किती निघतं, ते लिहा. आम्ही पोती टांगायचा साधा ताणकाटा आणला. जाऊबाईंचा अंदाज होता की एका लग्नामागे पन्नास किलो ओला कचरा निघत असेल. पाचशे पानांच्या लग्नात प्रत्यक्ष निघाला दीडशेच्या आसपास! पत्रावळीत उरलेलं वरण-भात फार जड असतं बरं का. म्हणजे कंत्राटदार "अंदाजे" म्हणून जो आकडा सांगायचा तो खरा की खोटा, हे ताडून पाहायला आमच्याकडे काहीच नव्हतं.

हे मोजणं आणखी एका कारणासाठी हवं. २०१६ साली केंद्र सरकारने घनकचऱ्याचे जे नियम केले, त्यांत ओला, सुका आणि घरगुती घातक असा कचरा वेगळा ठेवायला सांगितलं होतं. रोज सरासरी शंभर किलोच्या वर कचरा काढणाऱ्यांना मोठे कचरा-उत्पादक मानून त्यांच्यावर जादा जबाबदारी टाकली होती. परवाना नसलेल्या जागी शंभराहून अधिक माणसं जमवायची असतील तर कामाचे तीन दिवस आधी नगरपरिषदेला कळवा, असंही त्यांत होतं. मुंजीचा मांडव मैदानात घालणाऱ्या किती जणांना हे ठाऊक होतं कोण जाणे! असे नियम अधूनमधून नवे होतात. म्हणून चालू वर्षी काय लागू आहे ते नगरपरिषदेच्या आरोग्य विभागात जाऊन एकदा विचारावं. तिथले लोक बाईमाणूस स्वतः विचारायला आली की नीट सांगतात, असा माझा अनुभव आहे. नुसत्या फोनवर मात्र "साहेब जागेवर नाहीत" हेच ऐकू येतं.

"सगळं नेतो हो वहिनी!"

आमच्याकडे पहिले जे गृहस्थ आले त्यांचं पालुपद हेच. खरकटं? नेतो. तळणाचं तेल? नेतो. संडासाची टाकी? उपसतो. शेजारी डॉक्टरीणबाईंचा दवाखाना आहे, त्यांच्या सुया? त्याही नेतो! एकाच छोट्या टेम्पोत! असं कुणी म्हणालं की त्याला चहा देऊन निरोप द्यावा. कारण यातल्या प्रत्येक गोष्टीची वाट निराळी आहे आणि परवानगीही निराळी आहे.

दवाखान्याचंच घ्या. २०१६ च्या जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांत रंग ठरवून दिले आहेत. रक्ताने माखलेला कापूस-बँडेज पिवळ्या पिशवीत, सलाइनच्या नळ्या आणि प्लॅस्टिक लाल पिशवीत, सुया-पाती टोचणार नाहीत अशा पांढऱ्या डब्यात, काच निळ्यात. पिशव्यांवर बारकोड लावायचा असतो. सर्वसाधारणपणे अठ्ठेचाळीस तासांच्या आत हा कचरा मंडळाची मान्यता असलेल्या सामाईक प्रक्रिया केंद्राकडे जायला हवा. दवाखान्यात खाटा असोत वा नसोत, नियम सगळ्यांना आहे. तेव्हा डॉक्टरांच्या सौभाग्यवतींनो, तुमच्याकडे येणारा माणूस अशा केंद्राचाच आहे ना, की बाहेरच्या बाहेर प्लॅस्टिक विकणारा आहे, हे तुम्हीच पाहायचं. सुई कचरा वेचणाऱ्या एखाद्या बाईच्या हाताला टोचते तेव्हा ती कुणाच्या दवाखान्यातली होती हे त्या बिचारीला कुठून कळणार?

ज्यांच्या घरचा एमआयडीसीत लहानसा कारखाना आहे त्यांच्यासाठी दोनच वाक्यं. रसायनांचा, रंगाचा, मुलामा देण्याच्या कामातला गाळ हा घातक कचरा आहे, तो साधारणपणे नव्वद दिवसांहून जास्त साठवता येत नाही, आणि तो मान्यता असलेल्या ठिकाणीच जावा लागतो. आपल्या राज्यात तळोजा, महापे, रांजणगाव आणि बुटीबोरी इथे अशी केंद्रं उभारली गेली. गाडीबरोबर माल कुणी दिला, कुणी नेला, कुणाला पोचला हे लिहिलेली अनेक प्रतींची नोंदपत्रं जातात. त्यातली पोच तुमच्याकडे परत आली नाही तर माल पोचलाच नाही असं समजा.

आता तेल. हा विषय आपल्या हक्काचा! भजी, चिवडा, चकल्या तळून काळं झालेलं तेल विकत घ्यायला लोक दारात येतात आणि रोख पैसे देतात. यात दोन प्रकारचे खरेदीदार असतात. एक जण ते बायोडिझेल किंवा साबण करणाऱ्याला पुरवतो. दुसरा ते गाळून, निवळून पुन्हा खाण्याच्या तेलात मिसळायला देतो. ते मग आपल्याच पोरांच्या वडापावात उतरतं! तेल पुन्हापुन्हा तापवलं की त्यात काही घातक संयुगं वाढत जातात. त्यांचं प्रमाण पंचवीस टक्क्यांच्या वर गेलेलं तेल खाण्यासाठी वापरायचं नाही, असा नियम अन्नसुरक्षा प्राधिकरणाने १ जुलै २०१८ पासून लागू केला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये वापरलेलं तेल गोळा करून बायोडिझेलकडे वळवण्याची 'रुको' नावाची योजना सुरू झाली. तेव्हा तेल घेणाऱ्याला "तुमची नोंदणी कुठे आहे आणि हे तेल कुठे जातं?" एवढं विचारा. जो लिटरमागे सगळ्यांत जास्त भाव देतो त्याच्याकडे मी तरी जास्त संशयाने बघते. जुन्या तेलाला एवढा भाव कशाचा मिळतो, याचा विचार करा म्हणजे झालं.

टाकी उपसताना

यानंतरचा विषय घाण आहे, पण तो टाळून चालणार नाही. तुम्हीही जेवणाच्या वेळी वाचत असाल तर हे पान नंतर उघडा, पण उघडा नक्की.

लहान गावांत बहुतेक ठिकाणी भुयारी गटारं नाहीत, प्रत्येक इमारतीला स्वतःची सेप्टिक टाकी असते. ती दोन-तीन वर्षांनी उपसायला हवी. आपण मात्र ती तुंबून अंगणात वास सुटेपर्यंत विसरतो, आणि मग घाईघाईने मिळेल त्याला बोलावतो. घाईत बोलावलेला माणूस हा नेहमीच सगळ्यांत धोक्याचा.

जाऊबाईंकडेही असंच एकाला बोलावलं होतं. गाडी आली, पण तिचा पाइप मागच्या अंगणातल्या टाकीपर्यंत पोचेना. थोडं पाणी निघालं, तळाचा घट्ट गाळ तसाच राहिला. तेव्हा त्या गृहस्थांनी गाडीतून एक दोरी आणि दोन बादल्या काढल्या आणि अठरा-वीस वर्षांच्या एका मुलाला म्हणाले, "उतर रे." मुलगा शर्ट काढून तयार! जाऊबाई ओट्यावरून तशाच धावल्या आणि झाकणाच्या तोंडाशी उभ्या राहिल्या. "माझ्या दारात कुणीही खाली उतरणार नाही. गाडी घेऊन जा." गृहस्थ हसले. "वहिनी, त्यांना सवय आहे. तुम्ही आत जा." जाऊबाई आत गेल्या नाहीत. गाडी गेली, टाकी अर्धीच राहिली, त्या संध्याकाळचं केळवण दुसरीकडे हलवावं लागलं, पण मुलगा आपल्या पायांनी चालत बाहेर गेला.

मी शाळेत मराठी शिकवते, विज्ञान नाही. म्हणून आमच्या विज्ञानाच्या बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, बंद टाकीत मैला कुजून हायड्रोजन सल्फाइड आणि मिथेन असे वायू तयार होतात. पहिल्याला सडक्या अंड्यासारखा वास येतो. पण गंमत अशी, आणि ही जीवघेणी गंमत आहे, की तो जास्त झाला की नाकाची वास घेण्याची शक्तीच मरते. आतल्या माणसाला वाटतं, वास गेला, आता बरं आहे. तेवढ्यात तो कोसळतो. गाळ ढवळला की त्यात अडकलेला वायू एकदम वर येतो, म्हणून वरून सगळं ठीक दिसत असतानाही घात होतो. काही लोक आत पेटती मेणबत्ती सोडून बघतात. मिथेन असेल तर त्याने भडका उडू शकतो, आणि मेणबत्ती जळत राहिली तरी विषारी वायू नाही असं मुळीच सिद्ध होत नाही. तोंडाला रुमाल बांधण्याचा तर काडीचा उपयोग नाही.

वर्तमानपत्रात अशा बातम्या वाचताना एक गोष्ट तुमच्याही लक्षात आली असेल. मरणारा पुष्कळदा एकटा नसतो. पहिला पडला म्हणून दुसरा त्याला काढायला उतरतो, तोही पडतो, मग तिसरा. कधी तो सख्खा भाऊ असतो. दुर्दैवाने कुठे असं घडलंच तर दुसऱ्या कुणालाही उतरू देऊ नका. अग्निशमन दलाला १०१ वर किंवा ११२ वर फोन करा.

कायदा काय म्हणतो तेही सांगते. हाताने मैला काढण्याच्या कामावर बंदी घालणारा कायदा २०१३ साली झाला. गटारात किंवा सेप्टिक टाकीत धोकादायक सफाईसाठी कुणीही कुणाला, प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष, कामाला लावायचं नाही असं त्यात लिहिलं आहे. 'अप्रत्यक्ष' हा शब्द मी मुद्दाम अधोरेखित करते. "आम्ही कंत्राट दिलं होतं, त्याने कुणाला उतरवलं ते आम्हांला काय ठाऊक" हे म्हणणं तिथे तोकडं पडतं. पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि गुन्हा अजामीनपात्र आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली अशा मृत्यूंसाठी दहा लाख रुपये भरपाई ठरवली होती, ती ऑक्टोबर २०२३ मधल्या निकालात तीस लाख केली. पण खरं सांगू? आकडे बाजूला ठेवा. ज्या अंगणात आपण दुसऱ्यांच्या मुलींना हळद लावतो त्या अंगणात कुणाच्या तरी मुलाचं प्रेत ठेवायचं, हे कुठल्या हिशेबात बसतं?

तेव्हा टाकी उपसणाऱ्याला आधी हे विचारा. सक्शनची गाडी स्वतःची आहे का? पाइप किती लांब आहे? (टाकीपासून गाडी उभी राहील तिथपर्यंतचं अंतर टेप लावून मोजून ठेवा. आम्ही सुतळी घेऊन मोजलं, तेही चाललं.) तळाचा गाळ घट्ट असला तर काय करता? "पाण्याचा जोरदार मारा करून पातळ करतो आणि पुन्हा ओढतो" असं उत्तर आलं तर माणूस जाणता आहे. "पोरगा उतरवतो" असं आलं तर विषय संपला. चौथा प्रश्न मात्र बहुतेक जणी विचारत नाहीत: ओढलेला मैला नेऊन ओतता कुठे?

ओतता कुठे?

सगळ्या निवडीचं मर्म माझ्या मते या प्रश्नात आहे. खरकटं असो, मैला असो, तेल असो. आपल्या फाटकाबाहेर गेलं म्हणजे संपलं, असं नसतं. ते कुणाच्या तरी विहिरीजवळ, शेतात, ओढ्यात जाऊन पडतं, आणि ओढ्याचं पाणी फिरून आपल्याच गावात येतं.

सातारा जिल्ह्यातल्या वाईत आणि नाशिक जिल्ह्यातल्या सिन्नरला नगरपरिषदांनी यावर जी पद्धत बसवली तिची हकीकत मला फार आवडली. तिथे तुंबल्यावर धावाधाव करण्याऐवजी पाळी लावून, साधारण तीन वर्षांतून एकदा, गावातली प्रत्येक टाकी उपसायची असं ठरवलं. काम खाजगी कंत्राटदाराला दिलं, पण पैसे कामाच्या मोजमापावर बांधले. किती टाक्या उपसल्या आणि मैला प्रक्रिया केंद्रात पोचवला का, हे पाहून पैसे. म्हणजे वाटेत कुठे ओतून देण्यात कंत्राटदाराचाच तोटा! नगरपरिषदेला जे जमलं ते आपल्याला का जमू नये? जाऊबाईंच्या नव्या करारात आम्ही हेच कलम घातलं: केंद्राची पोचपावती दाखवल्याशिवाय पैसे नाहीत. ओल्या कचऱ्यालाही तसंच. खतप्रकल्पावर किंवा वाटेतल्या काट्यावर वजन करून काटापावती आणायची.

आणि एकदा स्वतः जाऊन पाहावं. आम्ही दोघी रिक्षा करून त्यांच्या खतप्रकल्पावर गेलो होतो. न कळवता. मालक नव्हते, पण तिथल्या बाईंनी सगळं दाखवलं. ओळीने ढीग, त्यांत खुपसलेल्या सळया, एका बाजूला चाळणी. सळई ढिगातून काढून हाताला लावली तर गरम लागली. म्हणजे आत कुजण्याचं काम खरंच चालू होतं. दुसऱ्या एका गृहस्थांनी सांगितलेल्या पत्त्यावर गेलो तर तिथे नुसतं कुंपण आणि आत चरणाऱ्या शेळ्या! त्यांचं कोटेशन सगळ्यांत सुबक छापलेलं होतं.

दर, आणि दरामागचं

निदान तीन जणांकडून लेखी दर मागवा, आणि तिघांनाही एकाच गोष्टीचा दर विचारा. एक जण खेपेचा दर सांगतो, दुसरा किलोचा, तिसरा महिन्याचा. मग तुलना कशी करणार? आमच्याकडे खेपेचा दर सगळ्यांत स्वस्त वाटत होता. ताणकाट्याची वही काढून हिशेब केला तेव्हा दिसलं की त्यांची गाडी इतकी लहान की एका लग्नाला दोन खेपा लागणार. जाऊबाई म्हणाल्या, "म्हणजे हे तर लग्नाच्या बँडवाल्यासारखं झालं. वाजवायचे पैसे वेगळे, थांबायचे वेगळे."

फार कमी दराची मला धास्तीच वाटते. डिझेल, ड्रायव्हरचा पगार, दोन माणसांची मजुरी, प्रकल्पावर माल टाकण्याचं शुल्क, यांची बेरीज आपल्यालाही करता येते. दर त्या बेरजेच्याही खाली असेल तर यातलं काहीतरी वगळलेलं आहे. बहुतेक वेळा शेवटचं. म्हणजेच ओढा.

कागद पाहताना लाजू नका. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचं पत्र असेल तर त्यावर नाव कुणाचं, कुठल्या प्रकारच्या कचऱ्यासाठी आणि कुठल्या तारखेपर्यंत, हे वाचा. आम्हांला दाखवलेलं एक पत्र खरंच होतं, पण ते भावजींच्या नावावर होतं आणि मुदत दोन वर्षांपूर्वी संपलेली होती. टाकी उपसणाऱ्यासाठी नगरपरिषदेची परवानगी बघा. गाड्यांचे नंबर लिहून घ्या. कामगारांचा विमा आहे का ते विचारा. मग त्यांच्या दोन गिऱ्हाइकांना फोन करा. त्यातलं एक आम्ही मुद्दाम त्यांना सोडून गेलेलं गाठलं, आणि तिथेच खरी माहिती मिळाली: "माणूस चांगला, पण पंचमी-दिवाळीला गाडी येत नाही." लग्नसराईत गाडी न येणं आम्हांला परवडणारं नव्हतं. म्हणून करारात लिहिलं की गाडी बारा तासांत आली नाही तर दुसऱ्याकडून काम करवून घेऊ आणि तो खर्च बिलातून कापू.

बाकी करार साधाच आहे, दीड पानाचा. कुठल्या वेळी येणार, काय नेणार आणि काय नेणार नाही, सांडलं तर कोण धुणार, परस्पर दुसऱ्याला काम द्यायचं नाही, कुठल्याही टाकीत माणूस उतरवायचा नाही, एक महिन्याची सूचना देऊन दोन्ही पक्षांना करार संपवता येईल. मुद्रांकाच्या कागदावर केला. भावोजींना वाटत होतं वकील लावावा. जाऊबाईंनी तो पाचवीच्या शुद्धलेखनासारखा माझ्याकडून लिहून घेतला.

आपल्या बाजूचं काम

कंत्राटदार कितीही चांगला असला तरी आपण सगळं एकाच पोत्यात कोंबलं तर तो काय करणार? जाऊबाईंकडे आता पंगतीच्या मागे तीन पिंपं असतात. एकात फक्त खरकटं आणि पत्रावळी, दुसऱ्यात कागद-पुठ्ठा-बाटल्या, तिसऱ्यात बाकी. सुरुवातीला वाढपी ऐकेनात. मग जाऊबाई स्वतः पहिल्या तीन लग्नांत पिंपाशी खुर्ची टाकून बसल्या. थर्माकोलच्या ताट-वाट्यांवर २०१८ मध्येच राज्यात बंदी आली होती, तरी वऱ्हाडी कुठून तरी आणतच. आता बुकिंगच्या पावतीवरच छापून टाकलं आहे. वधूच्या खोलीत सॅनिटरी पॅडसाठी जुनी वर्तमानपत्रं आणि झाकणाचा वेगळा डबा ठेवला आहे. ही साधी गोष्ट, पण कचरा हाताने निवडणाऱ्या बाईला विचारा तिचं मोल!

आणि त्या बायांविषयी थोडंसं. पुण्यात कचरावेचक बायकांची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ मध्ये उभी राहिली आणि पुढे तिच्यातूनच 'स्वच्छ' ही सहकारी संस्था निघाली. दारोदार कचरा गोळा करणाऱ्या बायाच तिच्या मालकीण! मुंबईत स्त्री मुक्ती संघटनेनेही 'परिसर विकास' या उपक्रमातून कचरा वेचणाऱ्या बायकांना खत करण्याचं आणि बायोगॅस चालवण्याचं शिक्षण दिलं. तुमच्या गावात असा बचतगट असेल तर कोटेशन त्यांच्याकडूनही मागवा. दया म्हणून नव्हे. निवडण्याचं काम त्यांच्याइतकं नीट दुसरं कुणी करत नाही, हे मी प्रकल्पावर डोळ्यांनी पाहिलं आहे. नव्या कंत्राटदाराकडे ज्या दोन बाई येतात त्यांच्या हातांत हातमोजे आहेत का, हे जाऊबाई दर वेळी बघतात. नसले तर गाडी भरू देत नाहीत. चहा मात्र देतात, घरच्याच कपात.

राहता राहिलं वेळापत्रक. टाकीचा उपसा लग्नसराईत काढू नये हे उघडच आहे. चातुर्मासात कार्यालय रिकामं म्हणून आषाढ-श्रावणात काढावा म्हटलं तर गाडी चिखलात रुतते, शिवाय जमिनीतलं पाणी वर आलेलं असतं. अशा वेळी टाकी रिकामी केली की बाहेरचं पाणी आत झिरपतं, आणि टाकी प्लॅस्टिकची किंवा फायबरची असेल तर खालच्या पाण्याने ती उचललीही जाते. म्हणून आम्ही पितृपक्ष ठरवला आहे. मुहूर्त नसतात, पाऊस ओसरलेला असतो, आणि तुळशीच्या लग्नापर्यंत हाताशी चांगला महिना-दीड महिना राहतो. गाडीवालेही तेव्हा मोकळे असतात. फोन मात्र गणपती गेल्यावर लगेच करायचा, कारण आता गावातल्या आणखी दोन कार्यालयांच्या मालकिणींनी तीच वेळ धरली आहे.